वगळलेला थर

प्रिय होकायंत्र,

‘प्रिय’ हे सवयीने पडलं आहे, त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. आणि या नावाने तुला इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नसेल, त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. तिकडे तू ‘मुख्य संपादक’ आहेस, तुझ्या नावाच्या पुढेमागे इतकी अक्षरं लटकतात की मधलं नाव शोधावं लागतं. मला मात्र अजून तो डोंगरात कधीच वाट न चुकणारा, ‘माझ्या मागून या’ म्हणत पुढे पळणारा किडकिडीत मुलगाच दिसतो, आणि आज मला त्याच्याशी भांडायचं आहे. ईमेल करता आला असता. पण तुझ्या ईमेलला तुझं ऑफिस उत्तर देतं, ‘आपला संदेश मिळाला, आभारी आहोत.’ मला आभार नकोत. म्हणून हे कागदावर, हाताने लिहितेय, आणि कुठे कुठे पेन कागद फाडून पलीकडे गेलं असेल तर तो कागदाचा दोष समजू नकोस.

एक आधीच सांगते. तुझी वाचायची पद्धत मला ठाऊक आहे. जे जुळत नाही ते तू गाळून पुढे जातोस. म्हणून तुला सगळं माहीत आहे असं न धरता मी अगदी पहिल्यापासून लिहिणार आहे, तुझ्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती हे पत्र पडलं तरी त्याला कळावं असं. पडलं तर पडू दे. यात लपवण्यासारखं माझं काही नाही.

माझ्याकडे एक मुलगी पीएच.डी. करते. तिला आम्ही सगळे मुंगी म्हणतो, कारण स्वतः एवढीशी आणि पाठीवरची दगडांची पिशवी तिच्याहून जड. ही मुंगी गेली काही वर्षं थिजलेल्या लाव्हाच्या एका डोंगरावर जाते, ड्रिलने खडकात भोकं पाडते, अंगठ्यापेक्षा जरा जाड असे गोल तुकडे काढते आणि ते कोअर माझ्या प्रयोगशाळेत आणून मोजते. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात आणि मग लाखो वर्षं जागचे हलत नाहीत, हे तुला मी सांगायला नको, पण पत्र दुसऱ्या कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगते. तिच्या डोंगरातले बाकी सगळे थर शहाण्यासारखे उत्तर दाखवतात. एक थर दाखवत नाही. त्यातले कण भलतीकडेच, जवळजवळ आडवे बघत बसले आहेत. म्हणजे त्या काळात थोड्या वेळापुरतं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र भरकटलं आणि पुन्हा जागेवर आलं. असं भरकटणं हाती लागावं म्हणून आपल्यासारखी माणसं जन्मभर दगड फोडतात. मुंगीचा सगळा प्रबंध त्या एका थरावर उभा आहे.

आता प्रबंध द्यायचा तर सगळ्या मोजण्या आधी, तू ज्याचा मुख्य संपादक आहेस त्या तुमच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये चढवायच्या, हा तुमचाच नियम. तिने चढवल्या. आणि एका सकाळी तिच्या त्या थरापुढे लाल त्रिकोण उगवला. ‘खुणा संशयास्पद.’ खाली शेरा: ‘याच काळातल्या जुन्या नोंदींमध्ये अशी दिशा कुठेही आढळत नाही. कोअरवरच्या खुणा तपासाव्यात. फिल्डवर नव्या असलेल्यांच्या हातून असं होतं, मनाला लावून घेऊ नये.’ त्याखाली तुझं नाव. परीक्षकांनी त्रिकोण पाहिला आणि प्रबंध परत पाठवला. एक तर त्रिकोण काढून आणा, नाहीतर तो थर काढून टाका, आणि काय ते या महिन्यात करा. थर काढला तर त्या प्रबंधात उरतं काय? डोंगराचा पत्ता.

ते ‘मनाला लावून घेऊ नये’ वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हातातला कप टेबलावर इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान माझ्याच हातात राहिला. मुंगीला वाटलं, मी तिच्यावरच चिडले. ती म्हणाली, मॅडम, चुकलं असेल माझं, मी पुन्हा जाऊन सगळ्या खुणा तपासते. तिचा तो आवाज ऐकून मी कपाचा कान खाली ठेवला. कारण हेच वाक्य, असंच मान खाली घालून, कुणीतरी याआधी बोललं होतं, आणि तेव्हा तू शेजारी उभा होतास.

तुला सातवा थर आठवतो? ‘थर तर पुष्कळ काढले, त्यातला कुठला म्हणतेस,’ असं मनातसुद्धा म्हणू नकोस. विद्यार्थी असतानाचा आपला डोंगर, पायऱ्या पायऱ्यांचा, वरून खाली मोजत आलेले थर, आणि सहाव्या नि आठव्या जाड थरांच्या मध्ये चेपलेली ती गुडघ्याएवढी पट्टी. ड्रिल गार ठेवायचं पाणी संपत आलं होतं. तू म्हणालास, सोड, एवढ्याशा थराने काय बिघडतं. मी म्हटलं, एवढासा असला तरी त्याला मोजायचं. मला छिन्नी हे नाव तुम्ही पोरांनी दिलंत ते काही उगाच नाही, मी एकदा रुतले की निघत नाही. शेवटी तूच हसत खाली जाऊन ओढ्यावरून पाण्याचा डबा भरून आणलास. मी भोकं पाडत गेले, खुणा करत गेले. मग ड्रिल अडकलं, मी घाईत हात घातला आणि माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट त्यात सापडलं. तुझा रुमाल लालभडक झाला. तू मला ओढून खडकाच्या सावलीत बसवलंस आणि दम दिलास की जागची हललीस तर बघ. थंडीत ते बोट अजून ठणकतं. त्या दिवशी तू किती घाबरला होतास हे मी नंतर पुष्कळ वर्षं आठवत होते, आणि त्यात मला बरंही वाटायचं. आता वाटत नाही.

खूण म्हणजे काय तेही लिहिते. कोअर खडकातून तोडण्याआधी त्यावर फट असलेली नळी बसवायची, वरच्या होकायंत्रावर दिशा वाचायची, फटीतून पितळी तारेने रेघ ओढायची, आणि तुकडा बाहेर आला की त्या रेघेवर पेनाने बाण काढायचा. तो बाण सांगतो की हा तुकडा डोंगरात कसा बसला होता. बाण चुकला तर तो नुसता दगड. आणि खडकातलंच लोह होकायंत्राला फसवतं, म्हणून त्यावर भरवसा न ठेवता काडीची सावली बघून सूर्यावरूनही दिशा घ्यायची. मी प्रत्येक कोअरची सावली घेतली होती. तू चिडवायचास, छिन्नीला सूर्यसुद्धा वेळेवर लागतो. म्हणजे चूक व्हायची तर माझी आणि सूर्याची, दोघांचीही एकदम व्हायला हवी होती.

प्रयोगशाळेत सातवा थर आडवा निघाला. तू एकेक कोअर यंत्रात ठेवत होतास, मी आकडे उतरवत होते, आणि एकामागून एक सगळे भलतीकडे. मला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलंय. माझ्या अंगावर काटा आला होता, तुझ्याही आला असणार. मग आपले मार्गदर्शक सर आले. त्यांनी पाठीमागे हात बांधून आलेख पाहिला आणि विचारलं, हा थर असा का? सर काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना सगळं सरळ रेषेत लागायचं. परदेशातल्या त्या नोकरीसाठी तुझा लेख महिनाअखेर जायचा होता हे त्यांना माहीत होतं, तुला माहीत होतं आणि मलाही. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस. म्हणालास, सर, छिन्नीच्या खुणा उलट्या पडल्या असणार, तिचं बोट चिरलं होतं त्या दिवशी.

मी म्हटलं, उलटे धरून गणित करून बघा. केलं. उलटे धरूनही ते बाकीच्यांशी जुळेनात. मग तू म्हणालास, होकायंत्र हललं असेल. मी म्हटलं, सावली आहे. तू म्हणालास, ढग आला असेल. तुझ्याकडे प्रत्येकावर उत्तर तयार होतं. सर कंटाळले आणि म्हणाले, सरासरीपासून पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जाणारा थर सगळेच काढून टाकतात, आपणही काढू, एवढा वाद कशाला. ही आपल्या धंद्यातली रीत. फार दूर भरकटलेला दिसला की त्याला नमुन्यातून हाकलायचा, म्हणजे सरासरी कशी गुळगुळीत होते. शेवटी मीच मान खाली घालून म्हटलं, चुकलं असेल माझं, मी पुन्हा जाऊन तपासते. आणि मग सर गेल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि मऊ आवाजात म्हणालास, असू दे गं, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

लेखात एक ओळ आली. ‘सातवा थर: खुणांतील चुकीमुळे वगळला.’ पुढे डेटाबेस निघाला तेव्हा लेखातल्या सरासऱ्यांबरोबर तीच ओळ त्यात गेली. माझं नाव नव्हतं त्यात. तू केवढा मोठेपणा दाखवलास! पण आपल्या वर्तुळात नाव लिहावं लागत नाही. सगळ्यांना कळलं. कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, काय छिन्नी, घरचा रस्ता सापडला का? मीही हसायचे. काय करणार, चिडले असते तर ‘झोंबलं वाटतं’ म्हणाले असते. पुढच्या हंगामात फिल्डला जायची यादी लागली, त्यात मी नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी मीच नाव दिलं नाही. मग हळूहळू मी आतली झाले. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रापासून राखलेली ती खोली, ओव्हन, यंत्र, त्यातच राहिले. इतरांचे दगड मोजते. इतरांचे बाण बघून कोअर ठेवते. मी स्वतः डोंगरावर रेघ ओढली त्याला आता वीसेक वर्षं झाली.

तू जाताना विचारलंस, येतेस का बरोबर. तुझ्या आईने तर मला सूनबाई म्हणायला आधीच सुरुवात केली होती. मी नाही म्हटलं. तुला कारण सांगितलं नाही, आज सांगते. तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे जन्मभर त्या माणसाबरोबर राहायचं ज्याने मला माफ केलंय. तू कधी बोलून दाखवलं नसतंस. पण प्रत्येक वेळी मी किल्ली विसरले, गल्ली चुकले, दूध उतू घातलं, की तू तेच म्हणाला असतास, असू दे गं. माझ्या आईला हे अजून पटत नाही. तिला आता कमी ऐकू येतं, पण तुझा विषय मात्र तिला भिंतीपलीकडून ऐकू येतो. परवाच म्हणाली, सोन्यासारखा मुलगा हातचा घालवलास, एवढं काय आभाळ कोसळलं होतं? मी म्हटलं, आई, दगड कोसळला होता. तिला ते ऐकू गेलं नाही, आणि मी पुन्हा सांगितलं नाही.

बरं, आता तुमच्या डेटाबेसविषयी. त्याच्याशी माझं भांडण नाही. उलट मला तो फार आवडतो, दुपारच्या सुट्टीत मी डबा खाता खाता त्यात फिरते. कुठल्या कुठल्या समुद्रांच्या तळाचे, बर्फाखालचे, वाळवंटांतले दगड एका पानावर येतात, आणि कुणीतरी कधीतरी उन्हात बसून ओढलेली एकेक रेघ तिथे आकडा होऊन पडलेली असते. चांगली गोष्ट आहे. पण त्यात आपण जे घालतो तेच असतं ना? तू सातवा थर काढलास, म्हणून तिथे भोक पडलं. आणि भोक दिसत नाही, तिथली रेघ दोन्ही बाजूंनी जोडली जाते आणि त्या काळात पृथ्वी अगदी शांत होती असं दिसतं. मग दुसऱ्या कुणाला कुठे आडवा थर सापडला की तो बिचारा तुझी शांत रेघ पाहतो, आपलंच चुकलं म्हणतो आणि स्वतःचा थर फेकून देतो. असे किती जणांनी फेकले असतील, मला विचार करवत नाही. आणि मुंगीने फेकला नाही, तर तू स्वतः येऊन त्रिकोण लावलास. पुरावा काय, तर जुन्या नोंदींमध्ये असं आढळत नाही. अरे, आढळेल कसं? काढलंस तूच!

तेवढ्यावर मी गप्प बसले असते की नाही, सांगता येत नाही. वाटलं होतं, एक कडक ईमेल करावा, तुझ्या ऑफिसचे आभार स्वीकारावेत आणि मुंगीला दुसरा डोंगर शोधून द्यावा. पण ती पुन्हा म्हणाली, मॅडम, मी तपासते. मी म्हटलं, तू नाही तपासायचं. यावेळी मी तपासते. आणि मी तळघरातल्या गोदामात गेले.

तुला आठवत असेल, एक कोअर कापला की त्याचे दोन तुकडे होतात. वरचा मोजायचा आणि खालचा जुळा जपून ठेवायचा, कधी शंका आलीच तर. वरचे तुकडे मोजताना भट्टीत तापून तापून त्यांचं चुंबकत्व कधीच गेलं, ते आता काही बोलणार नाहीत. जुळे मात्र कोरे होते. गोदामवाले काका म्हणाले, बाई, ही पेटी काढायची तर आधी वरच्या पेट्या उतरवाव्या लागतील, आणि माझी कंबर धरली आहे. मी पदर खोचला आणि एकटीने उतरवल्या. काका खुर्चीवर बसून मला कुठली पेटी कुठे ठेवायची ते सांगत होते. तळाशी आपली पेटी. त्यात सातव्या थराचा ट्रे. धूळ पुसली, आणि एकेक जुळा हातात घेऊन मी त्यावरचा बाण पाहायला लागले.

माझे बाण काळ्या शाईचे. सरळ, बारीक, नंबर डाव्या हाताला. मला ते पाहून माझ्याच लहानपणीचा फोटो सापडल्यासारखं झालं. मग शेवटचे दोन हातात आले. हिरवी शाई. नंबर उजव्या बाजूला. बाणाचं टोक किंचित आत वळलेलं, कारण ओढणारा डावखुरा. आपल्या गटात डावखुरा एकच होता, आणि हिरव्या पेनाचा हट्टही त्याचाच. मी तिथेच पेट्यांवर बसले. काकांनी विचारलं, चक्कर आली का? मी म्हटलं, नाही हो, उतरली.

कारण मला सगळं लख्ख आठवलं. बोट चिरल्यावर मी सावलीत बसले होते आणि उरलेले दोन कोअर तू काढलेस. त्यांच्या रेघा तू ओढल्यास, सावली तू घेतलीस, बाण तू काढलास, आणि मला लांबून ओरडून सांगितलंस, बघ, तुझ्याशिवायही जमतं. मी हसले होते. एवढं साधं मला इतकी वर्षं का आठवलं नाही? कारण सरांसमोर तू ‘छिन्नीच्या खुणा’ इतक्या सहज म्हणालास की सगळ्या खुणा माझ्याच होऊन गेल्या. माझ्या डोक्यातसुद्धा.

मुंगीला घेऊन मी ते जुळे मोजले. आम्ही दोघींनी पिना, किल्ल्या, पट्टे, सगळं लोखंड बाहेर काढून ठेवलं, तिने तर बुटांनासुद्धा आत येऊ दिलं नाही. नंतर चढलेलं चुंबकत्व उतरावं म्हणून पायरी पायरीने तापवत गेलो, प्रत्येक पायरीला मोजत गेलो. माझे काळे बाणवाले आडवे निघाले. तुझे हिरवे बाणवालेही आडवे निघाले, त्याच दिशेला, एकमेकांना चिकटून. मुंगीने तिच्या थराची दिशा त्यावर ठेवली. दोन डोंगर, एकमेकांपासून इतके लांब, वय एकच, आणि दोन्हीकडचे कण एकाच भलत्या उत्तरेकडे बघत बसलेले. ती अनवाणी उड्या मारायला लागली. मग माझ्याकडे पाहून थांबली आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही रडताय की हसताय? मी म्हटलं, तू बूट घाल आधी. हिरवे बाण कुणाचे ते तिने विचारलं. मी म्हटलं, होता एक आमच्याबरोबर.

आता खरं बोलू या. तू विसरला होतास असं सांगू नकोस. विसरायला तो आलेख तुला दुसऱ्या कुणी दाखवलेला नव्हता. कोअर यंत्रात तू ठेवत होतास, आणि यंत्रात ठेवायचा तर बाण बघूनच ठेवावा लागतो. तुझे दोन हिरवे बाण तुझ्याच बोटांनी तू त्या खोबणीत बसवलेस. ते माझ्याइतकेच आडवे निघाले हे तू पाहिलंस. तुला त्याच क्षणी कळलं की खुणा बरोबर आहेत, आणि तरी पाठ वळवून सरांना माझं चिरलेलं बोट दाखवलंस. सर आता नाहीत, त्यांच्यावर खापर फोडू नकोस. नोकरीचं दडपण होतं, वय लहान होतं, ही मखलाशी तर नकोच नको. होकायंत्राजवळ लोखंड आणलं की ते उत्तर सोडतं, तशी तू सोडलीस, एवढंच झालं. ते एकवेळ मी गिळलं असतं. पण त्यानंतर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तू मला माफ केलंस! न केलेल्या चुकीबद्दल, ती केली नाही हे माहीत असताना! त्या हाताचा मला आज जेवढा राग येतो तेवढा त्या वाक्याचाही येत नाही. आणि इतक्या वर्षांनी तोच हात तू मुंगीच्या खांद्यावर ठेवायला निघालास, त्याच शब्दांत. तिला तर तू पाहिलेलंही नाहीस.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. सातव्या थराच्या सगळ्या मोजण्या मी तुमच्या डेटाबेसच्या पानावर भरून ठेवल्या आहेत, सावलीच्या वाचनांसकट. तुझ्या समितीच्या नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक कोअरपुढे खूण करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं, रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही. चांगला नियम आहे, आधी असता तर बरं झालं असतं. मी माझ्या कोअरपुढे माझं नाव लिहिलं, आणि शेवटच्या दोघांपुढे तुझं. अजून ‘पाठवा’ दाबलेलं नाही. हे पत्र तुझ्या हाती पडल्याची सही कुरियरवाल्याने आणली की दाबेन, कारण ते नाव स्क्रीनवर अचानक पाहून तू घाबरावंस आणि घाईत काहीतरी बोलून जावंस असं मला पुन्हा नको आहे. या वेळी तुला विचार करायला वेळ आहे. नोंद तपासायला तुझ्याच टेबलावर येईल. समोर दोन बटणं असतील, ‘मान्य’ आणि ‘खुणा संशयास्पद’. संशयास्पद म्हणायचं असेल तर खुशाल म्हण, पण मग ते तुझ्या नावापुढे म्हणावं लागेल. आणि मान्य म्हणालास तर मुंगीचा लाल त्रिकोण ऑफिसकडून न काढवता स्वतः काढ, आणि जिथे तिला मनाला लावून घेऊ नकोस म्हणालास तिथेच, सगळ्यांना दिसेल असं, एक ओळ लिही, की तिच्या खुणा बरोबर होत्या. माझ्याबद्दल काही लिहू नकोस, आणि मला पत्रही लिहू नकोस. तुझं उत्तर मला आता नको आहे. ते तिला हवं आहे, आणि या महिन्यात हवं आहे.

त्या सातव्या थरापुरती तुझीच,
छिन्नी